मज्जारज्जूच्या दुखापतीनंतर रोबोटवर चालण्याचा सराव

ट्रेडमिलवरच्या रोबोटमध्ये पाय मोटर हलवते. रुग्ण नुसता लटकून राहिला तरी पावलं पडतच राहतात, आणि सराव वाया जातो तो इथेच. त्यामुळे प्रत्येक सत्रात रुग्णाचा स्वतःचा जोर किती लागतोय, हे पाहायलाच हवं.

आधी डॉक्टरांची परवानगी घ्या. महिनोनमहिने पायांवर भार नसेल तर हाडं ठिसूळ होतात. गुडघ्याच्या आसपासचं हाड सहज मोडतं आणि संवेदना नसल्याने दुखतही नाही. उघडी जखम, पायात रक्ताची गुठळी, न जुळलेलं हाड किंवा आखडलेला सांधा असेल तर थांबा.

सत्राआधी मूत्राशय रिकामं करा, कॅथेटरची नळी हार्नेसखाली (रुग्णाला वरून तोलून धरणाऱ्या पट्ट्यांखाली) दबू देऊ नका, बीपी मोजून लिहून ठेवा. मग मांडीची आणि पोटरीची लांबी मोजून यंत्राचे पाय जुळवा. यंत्राचा सांधा आणि गुडघा एका रेषेत नसतील तर दर पावलाला कफ (पाय यंत्राला बांधणारा पट्टा) वरखाली घासतो. अर्ध्या तासात शेकडो पावलं पडतात, म्हणजे तेवढ्याच वेळा तीच कातडी सोलली जाते. कफखाली पँटची चुणी राहू देऊ नका. जांघेतल्या पट्ट्याखाली मऊ पॅड हवंच.

सुरुवातीला साधारण निम्मं वजन हार्नेसवर आणि वेग ताशी 1.5 किलोमीटरच्या आसपास ठेवा. गुडघा दुमडत असेल किंवा बोटं घासत असतील तर आधार वाढवा. पण गरजेपेक्षा जास्त उचलू नका: तळव्यावर भारच आला नाही तर मज्जारज्जूला पावलाची जाणीव पोचत नाही.

दुखापत छातीच्या 6व्या मणक्याच्या पातळीवर किंवा त्याहून वर असेल तर दोन उलट धोके असतात. पहिला, बीपी पडणं: चक्कर, डोळ्यांपुढे अंधारी. यंत्र थांबवा, आडवं करा, पाय वर घ्या. दुसरा, बीपी एकदम चढणं: ठणकणारी डोकेदुखी, लाल चेहरा, दुखापतीच्या वर घाम. इथे आडवं करणं घातक! ताठ बसवा, पाय खाली सोडा, पट्टे सैल करा, नळी पिळलीय का, पिशवी भरलीय का ते पाहा आणि दर 2 ते 5 मिनिटांनी बीपी मोजा. अशा रुग्णाचं नेहमीचं वरचं बीपी 90 ते 110 असू शकतं, म्हणून 130 हा आकडा ‘ठीक’ समजू नका. नेहमीपेक्षा 20 ते 40 ने वाढलं तर धोका ओळखा. कारण दूर करूनही उतरत नसेल तर लगेच डॉक्टरांना बोलवा.

पायात थोडी तरी हालचाल शिल्लक असेल, तर चाल जमल्यावर यंत्राची मदत 100 टक्क्यांवरून थोडी थोडी कमी करा, डाव्या-उजव्या पायाची वेगवेगळी. ‘गुडघा उचला’, ‘टाच टेका’ असं सांगत राहा. चाल बिघडली तर एक पायरी मागे या. हालचाल अजिबात नसेल तर मदत कमी करून उपयोग नाही. तिथे उद्दिष्टं वेगळी असतात आणि ती रुग्णाला स्पष्ट सांगावीत. तितक्याच मेहनतीने हाताने दिलेल्या चालण्याच्या सरावापेक्षा रोबोट निश्चितपणे सरस ठरलेला नाही, हेही सांगावं.

उतरवल्यावर जांघ, नितंब, नडगी आणि टाचा पाहा. लाल डाग अर्ध्या तासात गेला नाही तर तो पूर्ण जाईपर्यंत पुढचं सत्र नाही, आणि त्या कफची मापं नव्याने घ्या.