सावद्याहून निघालेली मेल स्पॅममध्ये पडू नये म्हणून

आमचा सावद्याला केळीचा व्यापार. रोज सकाळी भाव आणि गाडीत किती माल भरला याची मेल दिल्लीच्या व्यापाऱ्यांना जाते. स्वतःच्या सर्व्हरवरून ती पाठवायला लागलो आणि आप्पांना फोन येऊ लागले, ‘आज भाव का नाही कळवला?’ मेल गेलेली असायची, पण स्पॅममध्ये. केळीसारखा नाशवंत माल, सकाळचा भाव संध्याकाळी वाचून काय कामाचा? मी मात्र मेलचा मजकूरच पुन्हा पुन्हा बदलत बसलो. दोष मजकुरात नव्हताच. म्हणून आता सांगतो तो क्रम पाळा.

पहिली पायरी. दुकानातल्या ब्रॉडबँडवरून मेल पाठवायचा विचार सोडा. अशा जोडणीचे आयपी पत्ते (इंटरनेटवरचे आकडी पत्ते) बहुधा स्पॅमहाउस या स्पॅम रोखणाऱ्या संस्थेच्या पीबीएल यादीत, म्हणजे जिथून थेट मेल यायला नको अशा पत्त्यांच्या यादीत, आधीच असतात आणि मेल बाहेर जायचा दरवाजा, म्हणजे पोर्ट २५, बऱ्याचदा बंद असतो. त्यापेक्षा स्थिर आयपी असलेला छोटा व्हीपीएस (भाड्यानं मिळणारा आभासी सर्व्हर) घ्या. पैसे भरण्याआधी दोन गोष्टी विचारा: पोर्ट २५ उघडून मिळेल का, रिव्हर्स डीएनएस (आयपीवरून नाव सांगणारी नोंद) बदलता येईल का? आयपी हाती आला की स्पॅमहाउसच्या संकेतस्थळावर तपासा. आधीच्या भाडेकरूनं तो बदनाम केला असेल तर दुसरा मागून घ्या.

दुसरी पायरी रिव्हर्स डीएनएसची, आणि आमचं घोडं इथंच अडलं होतं. आमचा सर्व्हर स्वतःला आमच्या डोमेनचं नाव सांगायचा. पण समोरच्यानं आयपीवरून नाव शोधलं की होस्टिंगवाल्यानं दिलेलं आकड्यांचं लांबलचक नाव निघायचं. माणूस एक नाव सांगतो आणि आधारवर दुसरंच आहे, असा प्रकार. आयपीवरून नाव सांगणाऱ्या या नोंदीला पीटीआर म्हणतात. ती मी डोमेनच्या डीएनएसमध्ये (डोमेनच्या नोंदवहीत) शोधत होतो. ती तिथं नसते. आयपी ज्यानं दिला त्याच्या पॅनेलमध्ये ती भरायची. आयपीवरून निघणारं नाव, त्या नावाच्या ए नोंदीतला (नावावरून आयपी सांगणाऱ्या नोंदीतला) आयपी आणि सर्व्हर हेलो म्हणताना सांगतो ते नाव, तिन्ही जुळली पाहिजेत. पोस्टफिक्स या मेल पाठवणाऱ्या प्रोग्राममध्ये ते नाव मायहोस्टनेम या सेटिंगमध्ये लिहितात. सर्व्हरच्या आयपीव्ही६ला (नव्या पद्धतीच्या लांब पत्त्याला) पीटीआर नसेल तर पोस्टफिक्सला फक्त आयपीव्ही४ (जुन्या पद्धतीचा पत्ता) वापरायला सांगा; जीमेल याबाबतीत फार कडक आहे.

तिसरी पायरी: एसपीएफ, डीकेआयएम, डीमार्क. या डोमेनच्या मेल कोणत्या सर्व्हरनं पाठवायच्या, हे एसपीएफ सांगतं. एका डोमेनला त्याची एकच नोंद ठेवा, आणि तपासताना लागणाऱ्या डीएनएस चौकश्या १० च्या आत ठेवा. डीकेआयएम म्हणजे प्रत्येक मेलवरची सही. ही सही तपासायची किल्ली डोमेनच्या डीएनएसमध्ये असते; ती २०४८ बिटची घ्या. ती २५५ अक्षरांच्या एका तुकड्यात मावत नाही, म्हणून नोंदीत तुकडे करून लिहावी लागते. तुकडे जोडताना एक अक्षर जरी गळलं तरी सही खोटी ठरते, म्हणून इथं घाई करू नका. या दोन्हींत न बसणाऱ्या मेलचं काय करायचं, हे डीमार्क सांगतं. ते आधी ‘नन’वर (काही करू नका) ठेवा, अहवाल येण्यासाठी पत्ता द्या, आणि आपल्या सगळ्या मेल नीट उतरताहेत असं दिसलं की ‘क्वारंटाइन’वर (स्पॅममध्ये टाका) न्या.

मग जीमेलवरच्या स्वतःच्या खात्याला मेल पाठवा आणि ‘शो ओरिजिनल’ उघडा. तिन्हींसमोर ‘पास’ दिसायला हवं.

तरीही पहिल्याच दिवशी सगळ्या यादीला मेल सोडू नका. नव्या आयपीची ओळख हळूहळू तयार होते. आम्ही रोजच्या बोलण्यातल्या व्यापाऱ्यांपासून सुरुवात केली आणि त्यांना फोन करून सांगितलं, ‘भाऊ, स्पॅममध्ये दिसली तर स्पॅम नाही असं दाबा आणि एक ओळ उत्तर पाठवा.’ ज्यानं भाव मागितलेला नाही, त्याला पाठवूच नका. जीमेलला रोज ५,००० पेक्षा जास्त मेल पाठवणाऱ्यांना फेब्रुवारी २०२४ पासून तिन्ही नोंदी सक्तीच्या आहेत, जाहिरातीच्या मेलला एका क्लिकवर नाव काढण्याची सोयही द्यावी लागते. स्पॅमच्या तक्रारी ०.३ टक्क्याच्या खाली राहिल्या पाहिजेत.

पुढे कधी सर्व्हर हलवलात आणि आयपी बदलला, तर आधी नवा आयपी स्पॅमहाउसवर तपासा, त्याचा पीटीआर भरा, एसपीएफमध्ये जुन्या आयपीच्या जागी नवा लिहा, आणि मगच सकाळची मेल सोडा.