थुंकी घ्यायच्या आधी पुडीचं विचारा

जळगावात बायोकेमिस्ट्रीत एमएस्सी करताना मला वाटायचं, मेटाबोलोमिक्स (पेशींच्या कामात तयार होणारे छोटे रेणू, म्हणजे मेटाबोलाइट, मोजायचं शास्त्र) म्हणजे मशीन. रेणू वजनावरून ओळखणारा मास स्पेक्ट्रोमीटर चालवता आला की झालं. तोंडाच्या कॅन्सरच्या प्रोजेक्टला लागले आणि पहिले सहा महिने नळ्या अन् बर्फ यांतच गेले.

कल्पना सोपी आहे. कॅन्सरची पेशी ऑक्सिजन असूनही ग्लुकोज बरंचसं लॅक्टेटपर्यंतच मोडते. ऑटो वारबुर्ग यांनी हे 1920 च्या दशकात दाखवलं. कॅन्सर शोधायचा पेट (PET) स्कॅन याच साखरेच्या हावेवर चालतो. कोलीन, ग्लुटामिन अशा रेणूंचेही हिशेब बदलतात. हे बदल रक्तात किंवा लाळेत पकडायचे. निदान मात्र आजही बायोप्सीवरच होतं, त्यामुळे नातेवाइकांना भलती आशा लावू नका.

आता माझी फजिती. रुग्ण पन्नाशीचे, वर्षानुवर्षं तंबाखू-चुना मळणारे. निरोगी गट म्हणून मी वर्गातली पोरं बसवली. आलेख इतका देखणा आला की मी पेढे आणायच्या बेतात होते. दोन गटांत वेगळ्या निघालेल्या रेणूंच्या यादीतलं पहिलं नाव सरांनी मोठ्याने वाचायला लावलं: कोटिनिन. निकोटीन शरीरात मोडलं की तयार होतं ते. मी कॅन्सर नव्हे, तंबाखू शोधून काढली होती!

तेव्हापासून फॉर्मवर पहिला प्रश्न पुडीचा. राज्यात 2012 पासून गुटखाबंदी आहे, म्हणून ‘गुटखा खाता का?’ला हमखास ‘नाही’ येतं. सुपारी, मशेरी, तंबाखू असं एकेक वेगळं विचारा. हिरड्याही बघा, कारण तोंडातले जंतू स्वतःचे मेटाबोलाइट लाळेत सोडतात. सबम्युकस फायब्रोसिसवाल्याचं (तोंडातलं अस्तर आखडण्याचा आजार) तोंड दोन बोटंही उघडत नाही. त्याला घाई करू नका. आणि मे महिन्यात पारा 44 वर असतो. नळी लगेच बर्फात, तिथून उणे 80 च्या फ्रीजरमध्ये. वीज गेली तर फ्रीजर चालायला जनरेटरमध्ये डिझेल आहे ना, हे स्वतः बघून या.

आजार कुणाला उलटेल हे सांगणारा मार्कर, म्हणजे खुणेचा रेणू, हवा असेल तर रुग्ण वर्षानुवर्षं हाती लागला पाहिजे. नंदुरबारकडची माणसं ऊसतोडीला गुजरातेत जातात, तेव्हा घरातल्या दोघांचे नंबर घ्या.

दुसऱ्या वेळी निरोगी गटात रुग्णांचेच तंबाखू खाणारे भाऊबंद घेतले. त्यांतल्या एकाच्या गालात आतून पांढरा चट्टा दिसला; असा चट्टा कॅन्सरआधीची खूण असू शकतो. त्याची नळी भरलीच नाही, आधी दाताच्या डॉक्टरकडे धाडलं.