पहिला गेमिंग पीसी घेताय? एसएमपीएस शेवटी ठेवू नका

बजेट ठरलंय, कोणते गेम खेळायचे ते ठाऊक आहे आणि मॉनिटर १०८०पीचाच घ्यायचा आहे, असं मी धरून चालतो. प्रश्न आता भागांचा. पहिल्यांदा पीसी जुळवणारे बहुतेक जण आधी प्रोसेसर ठरवतात, मग मदरबोर्ड, रॅम, ग्राफिक्स कार्ड, दिव्यांचं कॅबिनेट, आणि जे काही पैसे उरतील त्यात एसएमपीएस, म्हणजे सगळ्या भागांना वीज पुरवणारा भाग. दुकानदारही कोटेशन याच क्रमानं लिहितो. हा क्रम चुकीचा आहे. आधी ग्राफिक्स कार्ड, लगेच एसएमपीएस, बाकी सगळं त्यानंतर.

१. ग्राफिक्स कार्ड

एकूण खर्चाचा निदान तिसरा हिस्सा इथं जाऊ द्या, चाळीस टक्के गेले तरी वावगं नाही. आठ जीबीपेक्षा कमी व्हीरॅमचं (कार्डाच्या स्वतःच्या मेमरीचं) नवं कार्ड आज घेऊ नका.

नावांवर विश्वास ठेवू नका. आरटीएक्स ३०५० या एकाच नावाखाली दोन वेगळी कार्डं विकली जातात. एक ८ जीबीचं, १३० वॅटचं. दुसरं ६ जीबीचं, ७० वॅटचं, ज्यात कोअरही कमी आहेत आणि मेमरीची वाटही अरुंद आहे. कोटेशनवर नुसतं '३०५०' लिहिलं असेल तर पुढचा आकडा लिहून घ्या. आरएक्स ६५०० एक्सटी स्वस्त दिसतं, पण ते पीसीआय एक्स्प्रेसच्या, म्हणजे कार्ड आणि मदरबोर्ड जोडणाऱ्या मार्गाच्या, चारच लेन वापरतं, त्यामुळं या मार्गाची जुनी ३.० आवृत्ती असलेल्या बोर्डावर त्याचा वेग आणखी पडतो. मी ते कुणालाही सुचवत नाही. आरएक्स ६६०० चांगल्या भावात मिळालं तर या बजेटमध्ये अजूनही डोळे झाकून घ्यावं असं कार्ड आहे.

सेकंडहँड घेणार असाल तर एक लक्षात ठेवा. १५ सप्टेंबर २०२२ ला इथेरियम या क्रिप्टो चलनाचं ग्राफिक्स कार्डांवर चालणारं मायनिंग बंद झालं आणि रात्रंदिवस राबलेली कार्डं बाजारात आली. त्यातली पुष्कळ अजून फिरताहेत. समोर अर्धा तास जड गेम चालवून दाखवत नसतील तर उठून या.

कार्ड ठरलं की त्याच्या माहितीतले दोन आकडे कागदावर लिहा: किती वॅट लागतात आणि पॉवरचा कनेक्टर किती पिनांचा आहे. पुढच्या पायरीला हेच लागणार आहेत.

२. एसएमपीएस

डब्यावर मोठ्या अक्षरात '४५०' छापलेलं असतं. त्याकडे बघू नका. एसएमपीएसच्या अंगावर एक स्टिकर असतो आणि त्यावर छोटा तक्ता: ३.३ व्होल्ट, ५ व्होल्ट, १२ व्होल्ट आणि प्रत्येकाखाली अँपिअर. आपल्या कामाचा रकाना फक्त १२ व्होल्टचा. जुन्या काळच्या कॉम्प्युटरचा भार ३.३ आणि ५ व्होल्टवर असे. आज प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड जवळजवळ सगळी वीज १२ व्होल्टवरून घेतात. स्वस्त एसएमपीएस मात्र जुन्याच आराखड्यावर बनतात आणि कुणाला न लागणारे ३.३ आणि ५ चे वॅट मिळवून डब्यावरचा आकडा फुगवतात.

गुणाकार स्वतः करा. १२ व्होल्टखाली १८ अँपिअर लिहिलं असेल तर १२ गुणिले १८, म्हणजे २१६ वॅट. ३६ अँपिअर असेल तर ४३२ वॅट. दोन्हींच्या डब्यावर ४५० च असू शकतं.

आता गरज मोजा. रायझन ५ ५६०० पूर्ण भारावर साधारण ७६ वॅट घेतो, आरएक्स ६६०० घेतं १३२. बोर्ड, रॅम, एसएसडी, पंखे यांचे ५० धरा. झाले २५८. १८ अँपिअरचा एसएमपीएस इथंच नापास झाला. शिवाय ग्राफिक्स कार्ड काही मिलिसेकंदांपुरती उसळी मारून आपल्या आकड्याच्या कितीतरी वर जातं. ती उसळी पेलली नाही तर मशीन जागच्या जागी बंद.

या पायरीनं मला सगळ्यात जास्त छळलं, कारण बिघाड एसएमपीएसचा असतो आणि लक्षणं ग्राफिक्स कार्डाची दिसतात. ब्राउझर चालतो, सिनेमा चालतो, हलके गेम चालतात. जड गेम लोड होताना स्क्रीन काळी होते किंवा मशीन रीस्टार्ट होतं. मग सल्ले सुरू होतात: ड्रायव्हर बदला, विंडोज पुन्हा टाका, कार्ड सर्व्हिसला द्या. ठाण्यातल्या नौपाड्यात ओळखीच्या एका मुलाच्या बाबतीत अगदी असंच झालं. दुकानदारानं कार्डच खराब ठरवलं. कार्ड सर्व्हिस सेंटरला गेलं, 'काही दोष नाही' म्हणून परत आलं, आणि मशीन पुन्हा तिथंच बंद पडलं. एसएमपीएस कॅबिनेटबरोबर फुकट मिळालेला होता. स्टिकरवर १२ व्होल्टचे दोन रकाने होते, दोन्हींखाली १४ अँपिअर. मुलानं बेरीज करून २८ धरले होते. तशी बेरीज करायची नसते. दोन्ही मिळून जास्तीत जास्त किती, तो आकडा खाली वेगळा छापतात, आणि या स्टिकरवर तो छापलेलाच नव्हता. एसएमपीएस बदलला, त्याच कार्डावर सगळे गेम सुरळीत चालू लागले.

कॅबिनेटबरोबर 'फ्री' येणारा एसएमपीएस गेमिंगच्या मशीनला लावू नका. त्याचे पैसे कोटेशनमधून वजा करून मागा.

मागच्या बाजूला ११५/२३० लिहिलेलं लाल सरकतं बटण दिसलं तर तो एसएमपीएस खाली ठेवा. ज्यात ॲक्टिव्ह पीएफसी (भिंतीतून येणारी वीज नीट ओढणारं सर्किट) असतं त्याला या बटणाची गरज लागत नाही, म्हणजे बटण असलेला आराखडा जुना आहे. '८० प्लस'चा शिक्का हवाच, ब्राँझ असला तर उत्तम, पण तो शिक्का फक्त वीज किती वाया जात नाही एवढंच सांगतो. ती चाचणी २३ अंश तापमानाच्या आसपास होते. ठाण्यात मे महिन्यात खोलीच तिशी ओलांडते आणि कॅबिनेटच्या आत त्याहून जास्त. म्हणून शिक्क्याबरोबर दोन गोष्टी पाहा: पूर्ण वॅट ४० किंवा ५० अंशांना देण्याचं कंपनी लिहून देते का, आणि वॉरंटी किती वर्षांची आहे. पाच वर्षांची असेल तर मी दोनपाचशे रुपये जास्त आनंदानं देतो.

किती वॅटचा? वर सांगितल्यासारख्या मशीनला खरा ४५० पुरतो. मी ५५० घेतो, म्हणजे पुढे कार्ड बदललं तरी हा बदलावा लागत नाही. 'घेतोच आहेस तर ७५० घे' हा सल्ला बजेटच्या पीसीत चुकीचा आहे, तेच पैसे कार्डात घाला. आणि मोठ्या एसएमपीएसनं वीजबिल वाढतं हेही खोटं. मशीनला लागते तेवढीच वीज तो ओढतो.

कार्डाचा सहा किंवा आठ पिनांचा कनेक्टर एसएमपीएसमधूनच आलेला हवा. सहा पिनांवर ७५ वॅट, आठ पिनांवर १५०, आणि मदरबोर्डाच्या स्लॉटमधून ७५ असा हिशोब आहे. मोलेक्स किंवा साटाला (हार्ड डिस्कसारख्या भागांच्या वायरींना) जोडायचा कन्व्हर्टर दुकानदार शंभर रुपयांत देतो. तो घेऊ नका, त्या वायरी वितळतात. मॉड्युलर, म्हणजे वायरी सुट्या करता येणाऱ्या, एसएमपीएसच्या वायरी दुसऱ्या मॉडेलला कधीच लावू नका. टोकं सारखी दिसली तरी आतली जोडणी वेगळी असते आणि एका क्षणात बोर्ड, एसएसडी, सगळं जातं.

३. भिंतीतला प्लग

वीज महावितरणची असो की कळवा-मुंब्र्यात टोरंटची, घरातली अर्थिंग आपली आपल्यालाच बघावी लागते. जुन्या इमारतींत तिसऱ्या भोकामागे पुष्कळदा वायरच नसते. कॅबिनेटला हात लावल्यावर मुंग्या येत असतील तर त्याचं कारण बहुधा तेच. वायरमनला बोलवून मीटरनं तपासून घ्या: फेज आणि अर्थमध्ये २३० च्या आसपास व्होल्ट दिसायला हवेत, न्यूट्रल आणि अर्थमध्ये जेमतेम एक-दोन. हे काम स्वतः करू नका आणि टाळूही नका.

यूपीएस घेताना व्हीए आणि वॅट यांत गल्लत होते. ६०० व्हीएचा नेहमीचा यूपीएस साधारण ३६० वॅट देतो. आपलं मशीन आणि मॉनिटर मिळून ३०० च्या जवळ जातात, म्हणून १००० ते ११०० व्हीएचा घ्या. घरच्या इन्व्हर्टरवर चालवणार असाल तर तो साइन वेव्हचा हवा आणि मागचं बटण यूपीएस मोडवर हवं, नाहीतर वीज जाता क्षणी पीसी बंद होतो.

४. प्रोसेसर आणि मदरबोर्ड

रायझन ५ ५६०० किंवा आय-५ १२४००एफ, जो स्वस्त मिळेल तो. दोन्हींत सहा कोअर, बारा थ्रेड. पैसे फारच कमी पडत असतील तर आय-३ १२१००एफ. इंटेलच्या नावातल्या 'एफ'चा अर्थ आत ग्राफिक्स नाही, कार्डाशिवाय स्क्रीनवर काही दिसणार नाही. आपल्याकडे कार्ड आहे, त्यामुळं चालतं. ५६०० मागितल्यावर ५५०० किंवा ५६००जी गळ्यात मारू देऊ नका. त्या दोन्हींत एल३ कॅशे (प्रोसेसरच्या आतली वेगवान मेमरी) ३२ ऐवजी १६ एमबी असते आणि पीसीआय एक्स्प्रेसही ३.० च.

'एएम४ जुना झाला, एएम५ घ्या, भविष्याचा विचार करा' असं सांगणारे भरपूर भेटतील. ही रायझनच्या जुन्या आणि नव्या सॉकेटची नावं. एएम५ ला डीडीआर५ रॅमच लागते. त्या फरकापायी कार्ड एक पायरी खाली येत असेल तर भविष्य राहू द्या. आज गेम कार्डावर चालतो.

रायझनला बी५५० बोर्ड, १२४००एफ ला एच६१० पुरे. प्रोसेसर डबाबंद घ्या: कूलर आणि तीन वर्षांची वॉरंटी मिळते. ट्रेमधला सुटा घेतला तर कूलर येत नाही आणि वॉरंटी विक्रेत्याच्या शब्दावर असते.

५. बाकीचं

रॅम १६ जीबी, पण आठ-आठच्या दोन पट्ट्या. एकच सोळाची घेतलीत तर वेग हकनाक जातो. २०२५च्या अखेरीस रॅमचे भाव बरेच चढले, म्हणून कोटेशन त्याच दिवशीचं धरा. एसएसडी एनव्हीएमई (बोर्डावरच बसणारी वेगवान), १ टीबी, कारण शंभर जीबीच्या वरचे गेम आता नेहमीचे झालेत. कॅबिनेट पुढून जाळीचं. पुढून बंद काच असलेलं आपल्या हवेत नको.

६. खरेदी

आधी ऑनलाइन भाव पाहा, मग मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला, कॉम्प्युटरच्या बाजारात जा. ठाण्याहून फास्टनं दादर, तिथून वेस्टर्नची लोकल पकडून ग्रँट रोड. वाशी-नेरूळहून येणाऱ्यांनी कुर्ल्याला बदलून दादर गाठावं. रविवारी बहुतेक दुकानं बंद असतात. ठाण्यातल्या ओळखीच्या दुकानात हजार-दीड हजारच जास्त पडत असतील तर मी ठाण्यातच घेईन, कारण वॉरंटीसाठी पुन्हा तेवढा प्रवास होत नाही.

कोटेशन सुट्ट्या भागांचं मागा, 'कॉम्बो'चं नको. 'एसएमपीएस ४५० वॅट' असं नुसतं लिहिलेलं मान्य करू नका, कंपनी आणि पूर्ण मॉडेल नंबर लिहायला लावा. सगळ्यात जास्त अदलाबदल याच ओळीत होते. भाव १८ टक्के जीएसटी धरून आहे का ते आधीच विचारा. बिल पक्कं घ्या आणि प्रत्येक भागाचा सिरियल नंबर त्यावर चढवून घ्या, विशेषतः कार्ड आणि एसएमपीएसचा.

जुळवून घेणार असाल तर दुकानातच एखादा जड गेम किंवा स्ट्रेस टेस्ट वीस मिनिटं चालवून दाखवायला सांगा. घरी आणल्यावर एचडीएमआयची वायर मदरबोर्डाला न लावता ग्राफिक्स कार्डाला लावा, आणि बायोसमध्ये (मदरबोर्डाच्या सेटिंगमध्ये) जाऊन एक्सएमपी, म्हणजे रॅम पूर्ण वेगानं चालवणारी सेटिंग, चालू करा, नाहीतर ३२०० ची रॅम २१३३ किंवा २६६६ वरच चालत राहते.