प्रोटीनचं प्रमाण मोजताना या चुका टाळा

नमुन्यात प्रोटीन किती आहे, हे एकदा चुकलं की पुढचं सगळं चुकतं. जेलवर किती लोड करायचं ते बिघडतं, एन्झाइमची ॲक्टिव्हिटीही खोटी निघते. म्हणून आकडा विचित्र आला की प्रोटीनवर शंका घेण्याआधी बफरमध्ये, म्हणजे प्रोटीन ज्या द्रावणात आहे त्यात, काय काय आहे ते पाहा.

सर्वात जास्त घोटाळा इथेच होतो. निकेल कॉलमवरून हिस-टॅगवालं (शुद्धीकरणासाठी हिस्टिडिनची शेपटी जोडलेलं) प्रोटीन उतरवताना बफरमध्ये बहुतेकदा 250 मिलिमोलरच्या आसपास इमिडाझोल असतं, आणि ते स्वतःच 280 नॅनोमीटरला, म्हणजे प्रोटीन थेट मोजतात त्याच तरंगलांबीला, प्रकाश शोषतं. ब्लँकला, म्हणजे शून्य ठरवणाऱ्या नमुन्याला, साधं पाणी ठेवलंत तर प्रोटीन नसलं तरी रीडिंग येईल. ब्लँकला तेच इल्युशन (प्रोटीन उतरवण्याचं) बफर घ्या. डायलिसिस (पडद्यातून बफर बदलणं) केलं असेल तर बाहेरचं डायलिसिस बफर घ्या. बीसीएमध्ये (प्रोटीन तांब्याचं क्षपण करतं आणि जांभळा रंग येतो ती पद्धत) डीटीटी हे रसायन तांब्याचं क्षपण करतं, म्हणजे प्रोटीनचं काम तेच करून टाकतं, आणि जांभळा रंग फुकट चढतो. ईडीटीए हे रसायन उलट तांबं धरून ठेवतं, म्हणून रंग कमी येतो. ब्रॅडफर्डला (कूमासी रंगाने मोजायची पद्धत) डीटीटी सहसा चालतं, पण एसडीएस किंवा ट्रायटनसारखं डिटर्जंट असेल तर त्या वाटेला जाऊच नका. माझ्या मते पद्धत सवयीने नव्हे, बफर पाहूनच ठरवावी.

स्टँडर्डचंही (तुलनेला घेतलेल्या, प्रमाण माहीत असलेल्या प्रोटीनचंही) तसंच. कूमासी रंग मुख्यतः आर्जिनिनला चिकटतो, त्यामुळे प्रत्येक प्रोटीन वेगळा रंग देतं. बीएसएचा (गाईच्या सीरममधल्या अल्ब्युमिनचा) रंग गडद येतो. त्याच्या कर्व्हवर (प्रमाण आणि रीडिंगच्या आलेखावर) अँटीबॉडी वाचली तर ती खऱ्यापेक्षा बरीच कमी, कधी जवळजवळ निम्मी दिसते. अँटीबॉडीला आयजीजीचंच (अँटीबॉडीच्याच एका प्रकाराचं) स्टँडर्ड लावा.

280 च्या रीडिंगमध्ये ‘1 म्हणजे दर मिलिलीटरला 1 मिलिग्रॅम’ हा हिशेब सरसकट लावू नका. एक सेंटिमीटरच्या क्युवेटमध्ये (नमुना ठेवायच्या पारदर्शक भांड्यात) तेवढ्याच आयजीजीचं रीडिंग सुमारे 1.4 येतं, बीएसएचं सुमारे 0.67. ट्रिप्टोफॅन नसलेल्या प्रोटीनचं तर फारच कमी. अमिनो आम्लांचा क्रम माहीत असेल तर एक्सटिंक्शन कोएफिशियंट (ते प्रोटीन किती प्रकाश शोषतं तो आकडा) काढून घ्या: प्रत्येक ट्रिप्टोफॅनला 5500, टायरोसिनला 1490, डायसल्फाइड बंधाला 125.

320 नॅनोमीटरलाही रीडिंग दिसत असेल तर नमुना गढूळ आहे, त्यात गुठळ्या असतील. सेंट्रिफ्यूज करून वरचा द्रव पुन्हा वाचा. कर्व्हच्या टोकापलीकडचं रीडिंग ओढूनताणून बसवू नका. नमुना त्याच बफरमध्ये पातळ करून पुन्हा मोजा.