जुन्या पिकअपचे ब्रेक उतारावर लागेनासे झाले तर

मालाने भरलेली जुनी पिकअप कसारा घाटासारखा लांब उतार उतरत असताना ब्रेकचे पेडल एकाएकी मऊ पडून खाली जाऊ लागले, तर सर्वप्रथम ते भराभर दाबत-सोडत राहावे, कारण त्यामुळे पुष्कळदा काही क्षणांपुरता दाब परत मिळतो. त्याच वेळी एकेक गिअर खाली आणावा आणि चाके लॉक होऊ न देता हँडब्रेक हळूहळू ओढावा. इंजिन मात्र कदापि बंद करू नये. ते थांबले की पायाचा जोर वाढवणाऱ्या ब्रेक बूस्टरची मदतही लवकरच संपते. तरीही गाडी आवरत नसेल, तर ती डोंगराच्या बाजूला घासत न्यावी. पत्रा पुन्हा बसवता येतो.

यामागे बऱ्याचदा जुने ब्रेक ऑइल असते. ते हवेतील ओलावा शोषते; डॉट ३ प्रतीच्या नव्या ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश सेल्सिअस असला, तरी ओलाव्याने तो १४० पर्यंत उतरू शकतो, आणि चाकातील तापलेल्या ब्रेक ड्रमजवळ ऑइलची वाफ झाली की पायाचा जोर चाकापर्यंत पोहोचतच नाही. म्हणून ते दर दोन वर्षांनी बदलावे. मागच्या टायरच्या आतल्या बाजूस ओलसर काळा ओघळ दिसला, तर व्हील सिलिंडर, म्हणजे ऑइलच्या दाबाने चाकातला ब्रेक लावणारा भाग, गळत असण्याची दाट शक्यता असते. अशा वेळी माल भरण्यापूर्वीच ड्रम उघडून घ्यावा.