पिचर ‘खाली’ पाठवला: ही बातमी कशी वाचायची

अमेरिकेत डेटाचं शिक्षण घेऊन बेसबॉलच्या कामाकडे वळणारी आपली मुलं क्रिकेट डोक्यात घेऊन येतात. तिथेच पहिली चूक होते. क्रिकेटमध्ये गोलंदाजाला मार बसला की तो संघाबाहेर जातो. मेजर लीग या बेसबॉलच्या सर्वोच्च लीगमधला तरुण पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा, ‘खाली’ म्हणजे मायनर लीगमध्ये गेला, की त्याचं कारण त्याच्या कामगिरीत असेलच असं नाही. पुष्कळदा ते कागदावर असतं. म्हणून आधी कागद बघा, मग ईआरए, म्हणजे दर नऊ इनिंगमागे पिचरच्या नावावर लागलेले रन.

कागद दोन. एक 40 जणांची यादी, म्हणजे संघाच्या हक्काची माणसं. दुसरी 26 जणांची, म्हणजे आज मैदानावर उतरू शकणारी. या 26 मध्ये पिचर जास्तीत जास्त 13. सप्टेंबरात यादी 28 ची होते आणि पिचर 14 चालतात. साधारणपणे सामना सुरू करणारे पाच स्टार्टर आणि त्यांच्यानंतर येणारे आठ जण बुलपेनमध्ये.

आता समजा मंगळवारी स्टार्टर तिसऱ्याच इनिंगमध्ये कोसळला. नऊपैकी उरलेल्या सहा इनिंग बुलपेनने ओढल्या, चार हात थकले. बुधवारी ताजा हात हवा, पण तेरावी जागा भरलेली. मग कोणाला हलवायचं? ज्याला विनासायास हलवता येतं त्याला. तो बहुधा सर्वात तरुण असतो, आणि काल त्याने दोन इनिंग चोख टाकलेल्या असल्या तरी बॅग त्यालाच भरावी लागते. अन्याय वाटतो, आणि आहेही थोडासा.

हे ‘विनासायास’ म्हणजे ऑप्शन. 40 च्या यादीत आलेल्या खेळाडूला सहसा तीन ऑप्शन वर्षं मिळतात. एका मोसमात एकूण 20 किंवा जास्त दिवस मायनरमध्ये गेले की एक वर्ष खर्ची पडतं, मग फेऱ्या दोन होवोत की चार. पाचवर मात्र नाही. 2022 पासून एका मोसमात पाच वेळाच खाली पाठवता येतं. खाली गेलेल्या पिचरला किमान 15 दिवस वर आणता येत नाही. अपवाद मुख्यतः एकच, वरचा कोणी जखमी यादीत गेला तर. त्यामुळे ‘आठवड्यात परत आणतील’ असं कोणी म्हणालं, तर वर कोणाचा खांदा दुखतोय ते आधी बघा.

इथे नवखे हमखास फसतात ते सेवेच्या, म्हणजे मेजर लीगमध्ये मोजल्या जाणाऱ्या, दिवसांत. मोसम सुमारे 187 दिवसांचा, आणि 172 दिवस भरले की सेवेचं एक वर्ष. वजाबाकी करून लोक म्हणतात, 16 दिवस खाली ठेवला की वर्ष बुडालं. आधीच 40 च्या यादीत असलेल्याला हे लागू पडत नाही. त्याचे ऑप्शनवरचे दिवस 20 च्या आत राहिले, तर ऑप्शन खर्च होत नाही आणि ते दिवसही सेवेत धरले जातात. म्हणून 19 आणि 20 यांतला फरक मोठा आहे. सहा वर्षांची सेवा झाली की खेळाडू कोणत्याही संघाशी करार करायला मोकळा होतो, त्यामुळे या एका दिवसावर पुढे कोट्यवधी डॉलर अवलंबून असू शकतात.

ऑप्शन संपले की संघाचे हात बांधले जातात. खाली पाठवायचं तर खेळाडू वेव्हरवर टाकावा लागतो, म्हणजे आधी इतर संघांपुढे ठेवावा लागतो, आणि बाकीच्या 29 संघांपैकी कोणीही त्याला उचलू शकतो. दुसरा रस्ता डीएफएचा (डेझिग्नेटेड फॉर असाइनमेंट): खेळाडू 40 च्या यादीतून लगेच बाहेर, आणि सात दिवसांत सौदा, वेव्हर किंवा मुक्तता.

एवढं झाल्यावर पिचिंगकडे या. रॉय हॅलाडेचं 2000 साल अभ्यासाला उत्तम. टोरोंटोच्या या पिचरने 1998 मध्ये, मेजर लीगमधल्या दुसऱ्याच स्टार्टमध्ये, नो-हिटर, म्हणजे एकही हिट न देता टाकलेला सामना, जवळजवळ पूर्ण केला होता. एक बाद उरला असताना होमरन बसला. दोनच वर्षांनी त्याचा ईआरए 10.64. एका मोसमात किमान 50 इनिंग टाकणाऱ्यांत इतका वाईट आकडा इतिहासात कोणाचाच नव्हता.

हा आकडा स्वतः काढून बघा. 67.2 इनिंग, 80 अर्न्ड रन (क्षेत्ररक्षणातल्या चुकांमुळे आलेले रन वगळून). इथे .2 म्हणजे दोन बाद, षटकांतल्या दोन चेंडूंसारखे. पण भाजक सहाऐवजी तीन. 80 ला 9 ने गुणून एक्सेलमध्ये सरळ 67.2 ने भागलं तर 10.71 येतं. 67 पूर्णांक दोन तृतीयांशने भागा, 10.64 मिळेल. ही चूक कोणत्याही चाचणीत पहिल्या पाच मिनिटांत पकडली जाते.

पण ईआरएपेक्षा बोलका आकडा वेगळाच आहे: 44 स्ट्राइकआउट (पिचरने स्ट्राइकवर बाद केलेले फलंदाज), 42 वॉक (चार चुकीच्या चेंडूंमुळे फुकट पहिल्या बेसवर गेलेले). नशीब वाईट असतं तर हे गुणोत्तर इतकं बिघडलं नसतं. चेंडू वेगवान होता, पण सरळ येत होता. पुढच्या वसंतात संघाने त्याला थेट क्लास ए मध्ये, म्हणजे मायनर लीगच्या बऱ्याच खालच्या पायरीवर, डनीडिनला पाठवलं. तिथे मेल क्वीन या प्रशिक्षकाने डोक्यावरून येणारा त्याचा हात खाली आणून तिरका केला. चेंडू वळायला लागला. डबल ए, ट्रिपल ए अशा पायऱ्या चढत तो जुलैत परतला आणि 2003 मध्ये सर्वोत्तम पिचरचा साय यंग पुरस्कार घेऊन गेला. खाली पाठवण्याचा उपयोग झाला, कारण नेमकं काय दुरुस्त करायचं ते ठरलेलं होतं.

आजच्या पिचरबाबत हेच तपासायचं तर बेसबॉल सॅव्हंट या संकेतस्थळावर प्रत्येक चेंडूची नोंद फुकट मिळते. रिलीज पोझिशनचे, म्हणजे चेंडू हातातून सुटतो त्या जागेचे, दोन रकाने घ्या, आडवा आणि उभा. मापं फुटांत असतात, त्यामुळे 0.2 चा फरक किरकोळ वाटतो. पण ते जवळपास अडीच इंच झाले आणि फलंदाजाजवळची प्लेट, जिच्यावरून चेंडू जायला हवा, ती अवघी 17 इंच रुंद. तुलना शक्यतो एकाच मैदानावरच्या सामन्यांची करा, कारण मोजणारी यंत्रणा जागोजागी थोडी वेगळी बसलेली असते. फास्टबॉल आणि चेंजअप (तसाच भासणारा संथ चेंडू) यांचे रिलीज बिंदू एकमेकांपासून लांब गेले असतील, तर फलंदाजाला चेंडू हातातून सुटतानाच ओळखू येतोय का, ते व्हिडिओत बघा.

नमुन्याचं भान ठेवा. पाच स्टार्ट म्हणजे जेमतेम शंभर-सव्वाशे फलंदाज. ढोबळमानाने स्ट्राइकआउटचं प्रमाण 70 फलंदाजांनंतर भरवशाचं होतं, वॉकचं 170 च्या आसपास. मैदानात पडलेल्या चेंडूंवरचे हिट त्याहून कितीतरी उशिरा. त्यामुळे मे महिन्यात वॉकवर निष्कर्ष काढताना मागच्या वर्षीचे आकडे सोबत ठेवा.

सरावाला मार्चचा शेवटचा आठवडा घ्या. मोसम सुरू होण्याआधी ऑप्शन संपलेल्या पिचरांची यादी करा, त्यांच्या संघांत 13 पैकी किती जागा उरल्यात ते मोजा, आणि कोण वेव्हरवर येईल ते नावानिशी लिहून ठेवा. मग रोजच्या व्यवहारांच्या यादीशी ताडून बघा. पहिल्या वर्षी निम्मी नावं चुकतील, बहुतेक वेळा कोणीतरी ऐनवेळी जखमी यादीत गेल्यामुळे.