खाडीकाठी तिवर लावताय? आधी पाणी मोजा, या चुका टाळा

मुंबई-ठाण्याच्या खाडीत जून-जुलैत माणसं हौसेनं चिखलात उतरतात, खाऱ्या चिखलात वाढणाऱ्या तिवराची हजारभर रोपं लावली जातात आणि दिवाळीपर्यंत तिथे नुसत्या बांबूच्या काठ्या उरतात. दोष रोपांचा क्वचितच असतो. पावसाळ्यात तिवराची फळं भरतीबरोबर खाडीभर आपोआप फिरत असतात. शेजारी जंगल असूनही एखाद्या तुकड्यावर एकही रोप रुजत नसेल, तर तिथे बियांची नाही, दुसऱ्याच कशाची तरी उणीव आहे. ती न शोधता लावणी करणं ही पहिली चूक, आणि पुढच्या बऱ्याच चुका तिच्याच पोटातल्या.

पातळी न मोजता लावणी

ओहोटीला मोकळा दिसणारा चिखल म्हणजे लावणीची जागा, हा समज सर्रास आढळतो. कांदळवन, म्हणजे तिवर-कांदळासारख्या झाडांचं खाडीकाठचं जंगल, सरासरी समुद्रपातळीच्या वरच्या पट्ट्यात वाढतं. भरतीच्या तक्त्यातल्या शून्यापासून मोजलं तर मुंबईत ही पातळी सुमारे अडीच मीटरवर येते. ढोबळ नियम असा, की एकूण वेळेच्या 30 टक्क्यांहून जास्त काळ पाण्याखाली राहणाऱ्या जमिनीवर रोप टिकत नाही.

मोजायला महागडं यंत्र लागत नाही. एक बांबू घट्ट रोवा. त्यावर जमिनीपासून दर 10 सेंटीमीटरला छोट्या बाटल्या उभ्या बांधा. वर झाकणासारखा पत्रा लावा, नाहीतर पावसानंच बाटल्या भरतील. भरती ओसरल्यावर सगळ्यात वरची भरलेली बाटली बघा. तक्त्यात त्या दिवशीची भरती 4.2 मीटर असेल आणि बाटली 1.1 मीटरवर भरली असेल, तर जमीन साधारण 3.1 मीटरवर आहे.

पण तक्ता बंदराचा असतो. खाडीत आत जाल तशी भरतीची वेळ आणि उंची दोन्ही बदलतात. म्हणून असाच दुसरा बांबू त्याच दिवशी शेजारच्या आपोआप वाढलेल्या तिवरांच्या पाण्याकडच्या शेवटच्या रांगेत रोवा आणि दोन्हीकडचं पाणी ताडून पाहा. तुमच्या जागेवर पाणी जास्त चढत असेल तर तिथे लावू नका. दोन जागा जवळजवळ असतील तर गवंड्याची पाणी भरलेली पारदर्शक नळी पुरते, फक्त नळीत हवेचा बुडबुडा राहू देऊ नका.

उघड्या चिखलाला ‘रिकामी जागा’ समजणं

शिवडीपासून ऐरोली-भांडुपपर्यंतच्या चिखलपट्टीवर रोहित पक्षी (फ्लेमिंगो) चरतात. लहान रोहित सूक्ष्म शैवालावर जगतो, मोठा चिखलातले बारीक जीव टिपतो आणि दोघांनाही मोकळा, उथळ चिखल लागतो. ठाणे खाडीचं रोहित अभयारण्य 2015 मध्ये जाहीर झालं, 2022 मध्ये ते रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, झालं, आणि त्याच्या हद्दीत कांदळवनाबरोबर खाडीचं उघडं पात्रही आहे ते याचसाठी. हिरवं दिसावं म्हणून तिथे झाडं लावणं म्हणजे एकाचं घर मोडून दुसऱ्याचं बांधणं. तसंही ती पट्टी बहुतेक ठिकाणी इतकी खोल असते की झाडंही जगत नाहीत.

पाणी अडलेलं, आणि इलाज मात्र रोपांवर

उभं जंगल पिवळं पडून शेंड्याकडून वाळू लागलं, चिखलातून वर डोकावणारी श्वासमुळं मऊ पडून हाताला सुटून आली, ओहोटीनंतरही डबकं हटेना, की आधी पाण्याची वाट तपासा. रस्त्याखाली टाकलेला अरुंद पाइप, भरावानं बुजलेलं नाल्याचं तोंड, खारं पाणी अडवणाऱ्या बांधाची (खारबंदिस्तीची) अडकलेली उघाडी, म्हणजे पाण्याचं दार, यांपैकी काहीतरी सापडतंच. तिवर श्वासमुळांनी हवा घेतो. ती सतत बुडालेली राहिली तर मोठं झाडही मरतं. उन्हाळ्यात याच डबक्यातलं पाणी आटून जमिनीचा खारटपणा इतका वाढतो की नवं बी रुजत नाही. तमिळनाडूत पिचावरमला जुन्या तोडीनंतर जमीन खचून नेमकं हेच झालं होतं. तिथे चर खणून भरती-ओहोटी परत सुरू केल्यावर जंगल सावरलं.

चर खणताना दोन गोष्टी हमखास चुकतात. एक, चराचा तळ खाडीच्या बाजूला उतरता ठेवलेला नसतो, मग चरच नवं डबकं होतो. दोन, खणलेली माती काठावर सलग रचली जाते आणि चरातलं पाणी बाजूला पसरतच नाही. माती लांब न्या, निदान ढिगात जागोजागी फटी ठेवा.

बियाणं आणि लावणी

तिवराची फळं झाडावरून ओरबाडू नका, खाली पडलेली पिकली फळं वेचा. ती दिवसभर पाण्यात ठेवली की साल सुटते. सावलीत, ओल्या गोणपाटात ठेवून दोन-चार दिवसांत लावून टाका, कारण वाळलेलं बी रुजत नाही. कांदळ हे कांदळवनातलंच दुसरं झाड. त्याची लांब शेंग घेताना टोपीखाली पिवळसर-लालसर कडं दिसतंय ना ते पाहा. ते नसेल तर शेंग कच्ची. लावताना टोपीचं टोक वर, निमुळतं टोक खाली, साधारण एक तृतीयांश चिखलात. गर्दीच्या उपक्रमात डझनभर शेंगा तरी उलट्या रोवलेल्या सापडतात.

सगळीकडे कांदळच लावण्याची हौसही आवरा. त्याची शेंग रोवायला सोपी, फोटोलाही बरी, पण त्याला मऊ चिखल आणि नेमानं येणारं पाणी हवं. वरच्या, खारट जमिनीवर तिवरच तग धरतो. पिशवीतलं रोप असेल तर पिशवी पूर्ण काढून घरी न्या. चिरून तशीच पुरलेली पिशवी मुळं गुंडाळून ठेवते.

रोप काय सांगतंय?

खोडावर बार्नॅकल (घट्ट चिकटणारे कवचधारी समुद्री जीव) चढले, वजनानं रोप वाकलं, तर लावणी खूप खाली झाली आहे. खरवडू नका, साल निघते. पुढची लावणी वर घ्या. पानांच्या कडा करपल्या आणि जमिनीवर मिठाची पांढरी पापडी धरली, तर फक्त उधाणाचंच पाणी तिथे पोहोचतंय. बुंधा जमिनीलगत कातरल्यासारखा तुटला तर खेकड्यांचं काम समजा आणि तिथे बी न लावता टणक झालेल्या खोडाचं रोप लावा.

सप्टेंबरच्या सुमारास तिवराच्या पानांची जाळी होते, आख्खा पट्टा तपकिरी दिसतो आणि लगेच ‘कांदळवन मेलं’ असा ओरडा होतो. हे सागाच्या पानांवरही पडणाऱ्या हिब्लिया पतंगाच्या अळ्यांचं काम. काही आठवड्यांत नवी पालवी येते. फवारणी केलीत तर विष थेट खाडीत, म्हणजे निवट्या माशांच्या आणि चिंबोऱ्यांच्या (खेकड्यांच्या) पोटात जाईल.

कचरा

कचरा अडवायला मासेमारीचं जुनं जाळं बांधू नका. ते आधी खेकडे-मासे अडकवतं, मग प्लास्टिकनं फुगून उधाणाला रोपांवरच आडवं होतं. बोटभर फटी ठेवून रोवलेल्या बांबूंचं कुंपण बरं, पण प्रत्येक उधाणानंतर ते रिकामं करायलाच हवं. श्वासमुळांत रुतलेली पिशवी ओढू नका, कात्रीनं कापून जेवढी सुटते तेवढी काढा. येण्याजाण्याची एकच वाट ठरवा आणि तिच्यावर फळ्या टाका. पन्नास माणसांच्या पायांखाली जेवढी श्वासमुळं मोडतात, तेवढं नुकसान कचऱ्यानं वर्षभरात होत नाही असंही कधी कधी वाटतं.

परवानगीचंही आधीच बघा. मुंबई उच्च न्यायालयाच्या 2018 च्या निकालानं कांदळवनाभोवतीच्या 50 मीटर पट्ट्यालाही संरक्षण आहे. लावणी असो वा चर, वन विभागाच्या कांदळवन कक्षाला विचारल्याशिवाय फावडं उचलू नका.

मोजणी एका महिन्यानं, मग पावसाळा संपल्यावर, मग पुढच्या मे महिन्यात करा. लावलेली रोपं आणि आपोआप उगवलेली रोपं यांचे आकडे वेगळे लिहा. दुसरा आकडा मोठा निघाला तर पुढच्या वर्षी रोपं विकत घेऊ नका, तो खर्च चराचं तोंड साफ ठेवण्यावर करा.